ईस्टरची चॉकलेट घरटी: खानदेशच्या उन्हात काय जमतं?

प्रश्न (भुसावळ): मुलांसोबत ईस्टरची चॉकलेट घरटी करते, म्हणजे चॉकलेटमध्ये घोळवलेल्या कॉर्नफ्लेक्सचं पक्ष्याचं घरटं आणि त्यात अंडी म्हणून रंगीत गोळ्या. पण फ्रिजमधून काढली की लगेच हाताला चिकटतात. काय चुकतं?

चॉकलेट चांगलं आहे, म्हणूनच वितळतं. त्यातलं कोको बटर साधारण ३२ ते ३४ अंशांना विरघळतं. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामधल्या एखाद्या रविवारी येतो, आणि तोवर आपल्याकडे पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. म्हणून घरट्यांना डार्क कंपाउंड चॉकलेट घ्या. त्यात कोको बटरऐवजी घट्ट वनस्पती तेल असतं, त्यामुळे ते थोडा जास्त दम धरतं. चव खऱ्या चॉकलेटइतकी खोल नसते, पण मुलांना घरटं हातात धरून खाता आलं पाहिजे. विलायती कृतींमध्ये लोणी आणि सिरप सांगितलेलं असतं. ते इथे वगळाच, नाहीतर घरटं मऊच राहतं.

१२ घरट्यांना २०० ग्रॅम कंपाउंड, ९० ग्रॅम साधे कॉर्नफ्लेक्स आणि ३६ छोट्या रंगीत गोळ्या लागतात. वितळलेल्या चॉकलेटमध्ये कॉर्नफ्लेक्स हलक्या हाताने घोळवा, कागदी कपात चमच्याने घाला, मधे बोटाने खळगा करा आणि लगेच तीन-तीन गोळ्या बसवा. चॉकलेट आळल्यावर गोळ्या चिकटत नाहीत. फ्रिजमध्ये अर्ध्या तासात घरटी सेट होतात. हे काम सकाळी आठच्या आत उरका.

प्रश्न (धुळे): वितळवताना चॉकलेट एकदम घट्ट, रवाळ झालं. फेकून द्यायचं?

पाणी लागलं. चमच्यावरचे दोन थेंबही पुरतात: त्यातली साखर ओली होऊन कण एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. लाकडी चमचा पाणी धरून ठेवतो, तो वापरू नका. भांड्यावर झाकणही ठेवू नका, कारण वाफ आतच ठिबकते. पातेल्यात बोटभर पाणी उकळून गॅस बंद करा, वर कोरडं स्टीलचं भांडं ठेवा. त्याचा तळ पाण्याला टेकायला नको. चॉकलेट बारीक चिरून घाला. थोडे तुकडे शिल्लक असतानाच भांडं उतरवा, ते ढवळता ढवळता विरघळतात.

घट्ट झालेल्या चॉकलेटमध्ये एकेक चमचा गरम दूध घालून ढवळत राहा, त्याचा छान सॉस होतो. घरटी मात्र त्याची होणार नाहीत. जळका वास आला असेल तर टाकूनच द्या.

प्रश्न (नवापूर): कॉर्नफ्लेक्सऐवजी शेवया चालतील?

चालतील, आणि घरटं जास्त खरं दिसतं. बाजारातल्या बारीक शेवया ८० ग्रॅम घ्या, दोन चमचे तुपात मंद आचेवर बदामी भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. घरच्या हाताच्या जाड शेवया दाताखाली कडक लागतात, त्या खिरीलाच ठेवा. कॉर्नफ्लेक्स सादळले असतील तर तेही कोरड्या कढईत दोन-तीन मिनिटं परतून गार करून वापरता येतात.

प्रश्न (रावेर): घरची केळी आहेत. त्यांचं काही करता येईल?

जरूर करा, उन्हात घरट्यांपेक्षा हेच जास्त जमतं. केळी पिवळी पण घट्ट हवीत, काळे ठिपके पडलेली नकोत. सोलून अर्धी करा, कापलेल्या टोकात आइस्क्रीमची काडी खोचा आणि फ्रीझरमध्ये चार तास ठेवा. २०० ग्रॅम कंपाउंड एक मोठा चमचा खोबरेल तेलासोबत वितळवा. खाण्याचं खोबरेल घ्या. त्याने थर पातळ बसतो, चावताना तडकून पडत नाही. मिश्रण उंच पेल्यात ओता. बुडवण्याआधी केळ्यावरचं पांढरं हिव कोरड्या फडक्याने नीट पुसा, नाहीतर पेल्यातलं सगळं चॉकलेट बिघडतं. थर मिनिटभरातच आळतो, म्हणून शेंगदाण्याचं कूट लावायचं ते ताबडतोब.

प्रश्न (जळगाव): मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला काय करायला द्यावं? आणि चर्चमध्ये नेताना घरटी कशी न्यावीत?

कप मांडणं, कॉर्नफ्लेक्स मोजणं, खळगा करणं त्याला द्या. गॅस आणि गरम भांडं तुमच्याकडे. इतक्या लहान मुलाच्या घरट्यात कडक गोल गोळ्या किंवा अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. त्याऐवजी बारीक चिरलेले मनुके घाला.

नेताना हवाबंद डब्यात भरा आणि डबा बर्फाच्या पिशवीसह थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. कूलरसमोर घरटी मांडून ठेवू नका: ती हवा ओलसर असते, कॉर्नफ्लेक्स मऊ पडतात. फ्रिजमधून काढलेला डबाही वीसेक मिनिटं न उघडता सावलीत ठेवा. लगेच उघडलात तर गार चॉकलेटवर दव धरतं आणि सुकल्यावर साखरेचे पांढरे डाग उरतात. खायला त्याने काही अपाय नाही, फक्त चकाकी जाते.