सिरीयल उपकरणे आणि सर्व्हर : बिघाड आवरायचा कुठे?

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात दोन वजनकाटे आणि एकाच केबलवरचे २८ वीजमीटर एका संगणकाला सिरीयल पद्धतीने (माहिती एकामागून एक बिट अशी पाठवत) जोडलेले आहेत. एक मीटर बंद पडला की सगळ्या नोंदी रेंगाळतात, आणि संगणकच बंद पडला तर काहीच मिळत नाही. पुढील हंगामात मीटर दुप्पट होतील. दुसरा सर्व्हर घेतल्यास प्रश्न सुटेल का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : दुसरा सर्व्हर लागेल, पण पहिला खर्च त्यावर करू नये, कारण आपले मुख्य दुखणे केबलवर आहे. मॉडबस या मीटरशी बोलण्याच्या पद्धतीत सर्व्हर एकेका मीटरला क्रमाने विचारतो. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) वेगाने एका मीटरची १० रजिस्टरे (आकडे ठेवण्याचे कप्पे) वाचताना प्रश्न आणि उत्तर मिळून ३३ बाइट जातात आणि तारेवर सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात. बंद मीटरसाठी एक सेकंद थांबून आणखी दोनदा विचारण्याची सोय असेल, तर दर फेरीत तीन सेकंद वाया जातात. उरलेल्या २७ मीटरना तारेवर मिळून जेवढा वेळ लागतो, त्याच्या हा जवळजवळ तिप्पट आहे. उत्तर न देणाऱ्या मीटरला काही मिनिटे वगळण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असल्यास ती आजच सुरू करावी. तिला पैसे लागत नाहीत.

आरएस-४८५ (एकाच केबलवर अनेक उपकरणे जोडण्याचे विद्युत मानक) च्या मूळ नियमाप्रमाणे एका केबलवर ३२ प्रमाणित भार (एका नेहमीच्या उपकरणाएवढा एक भार) चालतात आणि कमी वेगाला केबल सुमारे १२०० मीटरपर्यंत नेता येते, म्हणून लोक ती मर्यादा गाठेपर्यंत मीटर जोडत राहतात. माझ्या मते एका केबलवर आठच्या वर जाऊ नये, कारण एखाद्या मीटरचा पोर्ट शॉर्ट झाला तर ती संपूर्ण केबल मुकी होते. केबल एका मीटरवरून पुढच्या मीटरवर अशी सलग न्यावी, फाटे फोडू नयेत, आणि १२० ओहमचा रोधक फक्त दोन टोकांना लावावा.

अशा प्रत्येक केबलला सिरीयल डिव्हाइस सर्व्हरचा स्वतंत्र पोर्ट द्यावा. हे उपकरण सिरीयल माहिती इथरनेटवर आणते, त्यामुळे वाढीव मीटरसाठी नवा पोर्ट घेणे पुरते आणि सर्व्हर उघडावा लागत नाही. मात्र दोन्ही काटे एकाच उपकरणावर ठेवू नयेत. विभागांतील स्विच वलयाकार जोडल्यास एक दुवा तुटला तरी माहिती उलट दिशेने पोहोचते, पण त्यासाठी आरएसटीपी (वलयातील एक दुवा राखीव ठेवून गरजेला सुरू करणारी पद्धत) चालवणारे स्विच हवेत. साध्या स्विचचे वलय केल्यास नेटवर्क ठप्प होते. इमारतींमध्ये फायबर टाकावे, म्हणजे विजेचा झटका तांब्यावरून पलीकडे जाणार नाही.

आता दुसरा सर्व्हर. आरएस-४८५ वर दोघांनी एकाच वेळी प्रश्न विचारले तर उत्तरे एकमेकांत मिसळतात. म्हणून विनंत्या रांगेत लावणारा मॉडबस गेटवे घ्यावा, किंवा मुख्य सर्व्हर गप्प झाल्यावरच दुसऱ्याने सूत्रे हाती घ्यावीत. आभासी कॉम पोर्ट, म्हणजे दूरचा सिरीयल पोर्ट संगणकाला स्वतःचाच भासवणारी सोय, शक्यतो टाळावा. तो सहसा एका वेळी एकाच संगणकाकडे असतो. वजनकाट्यांचे प्रकरण निराळे आहे. ट्रक काट्यावरून उतरल्यावर त्याचे वजन पुन्हा विचारता येत नाही, म्हणून प्रत्येक वजन काट्याजवळच्या संगणकावर आधी साठवून मगच सर्व्हरकडे पाठवावे.