मावशी, तो आमच्या चर्चला यायचाच बंद झालाय

लीड्सहून एका नाशिकच्या मुलीचं पत्र आलंय. तिथल्या अँग्लिकन चर्चमध्ये ती तरुणांचा ग्रुप बघते, वर्षभरात सात-आठ नायजेरियन मुलंमुली यायला लागली, त्यातला एक केअर होममध्ये काम करणारा योरुबा जमातीचा मुलगा प्रार्थनेत मोठमोठ्याने बोलायचा, कधी रडायचा, पुढच्या बाकावरच्या गोऱ्या आज्या वळून बघायच्या. एकदा हिनेच त्याला "जरा हळू" म्हटलं. आता तो एका गोडाउनमध्ये भरणाऱ्या आफ्रिकन चर्चला जातो, शुक्रवारी रात्रभर जागतो, पगाराचा दहावा हिस्सा देतो, आणि व्हॉट्सअॅपवरचा कुणी 'प्रॉफेट' व्हिसाच्या प्रार्थनेसाठी वेगळे पैसे मागतोय. "त्याची श्रद्धा अजून कच्ची आहे मावशी, त्याला परत कसं आणू?"

अगं, कच्ची कुणाची म्हणतेस? तो तुमच्या चर्चला नवीन आहे एवढंच. त्याच्याच योरुबांमधला सॅम्युअल अजायी क्राउदर, पोरवयात गुलाम म्हणून विकला गेलेला, 1864 साली अँग्लिकन बिशप झाला, म्हणजे तुमची ती प्रार्थना त्याच्या लोकांना काही काल-परवा कळलेली नाही. त्याला तुमच्याकडे आल्यावर प्रश्न पडला असेल की बारा माणसं, एक तास, आणि चहा पिऊन सगळे घरी, हे झालं चर्च?

आणि तो का रडतो, हे विचारलंस कधी? केअर व्हिसावरच्या माणसाच्या मालकाचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसं कामावर ठेवायची सरकारी परवानगी, गेली तर नोटीस आल्यापासून साधारण 60 दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. मार्च 2024 नंतर आला असेल तर बायको-पोरांना आणायचीही सोय नाही. एवढं डोक्यावर घेऊन माणूस देवाशी कुजबुजत बोलेल होय? मी स्वतः ख्रिश्चन नाही, हरिपाठाच्या घरातली आहे, पण रात्रभर जागून देवाला हाका मारणं म्हणजे काय हे मला कुणी समजवायला नको. त्या "जरा हळू"ला तू चुकलीस, गोड आवाजात म्हटलं असशील तरी.

दशांशात तू पडू नकोस, तो त्याचा पैसा, त्याचा देव. पण व्हिसासाठी पैसे मागणाऱ्या त्या प्रॉफेटबद्दल स्पष्ट बोल, बहिणीसारखं, त्याचं हसं न करता. प्रार्थना कर म्हणावं हवी तेवढी, पण लायसन्स असलेल्या स्पॉन्सर्सची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळते, आणि सिटिझन्स अॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेतलेही फुकटच बोलतात. तिथे सोबत जा, एकटा जाणार नाही तो.

त्याला परत आणायचं बघू नकोस एवढ्यात. आधी माफी माग आणि एका शुक्रवारी तूच त्याच्याबरोबर जा. बोलायला विषय पाहिजे असेल तर तुझ्या शरणपूर रोडचं सांग. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन पोरांना 19 व्या शतकात मिशनने तिथेच ठेवलं, शिकवलं, आणि त्यातलाच जेकब वेनराइट, आफ्रिकेत वारलेला मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टन याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, 1874 ला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाला पण हजर होता. नाशिकच्या शाळेतला पोरगा! तुझ्या त्या योरुबा मुलाला हे माहीत नसणार, बघ कसा खुलतो ते.

आणि पुढेमागे आलाच कधी रविवारी, तर नुसतं "वेलकम" नको, बायबलचा पाठ वाचायला दे. आज्यांना एवढंच सांग की त्यांना तो "आंटी" म्हणेल, नावाने हाक मार म्हणून मागे लागू नका, त्यांच्यात मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आपल्यासारखंच.

बाकी जाशील त्या शुक्रवारी दुपारी थोडी झोप काढ आणि शनिवारची शिफ्ट घेऊ नकोस, सकाळपर्यंत चालतं ते.