नर्सिंगला मुली नेमकं शिकतात काय?

कणकवलीच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी बारावी सायन्स झाली, मुंबईला नर्सिंग करायचं म्हणते, पण तिथे इंजेक्शन टोचण्यापलीकडे शिकवतात तरी काय?

ताई, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून 19 वर्षं मुंबईत ड्यूटी करतेय. आता स्टुडंट माझ्या हाताखाली पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात काम शिकायला, येतात. इंजेक्शन महिनाभरात हातात बसतं हो. जन्मभर पुरतं ते मोजणं.

माझं पहिलं पोस्टिंग मेडिकल वॉर्डात होतं. सकाळचे टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजणं, माझ्याकडे. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटांना लागते, पण श्वास मोजायचा म्हणजे पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत उभं राहायचं. मी सगळ्यांच्या नावापुढे 20 लिहून मोकळी झाले. सिस्टरनी चार्ट पाहिला, काही न बोलता मला एका आजोबांच्या खाटेपाशी नेलं आणि मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं. 34 भरले. ओठ निळसर पडले होते, तेही तोवर मला दिसले नव्हते. ऑक्सिजन लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. त्याला वाटू दे, नाडीच चाललीय." माझ्या स्टुडंटना पहिल्या दिवशी मी हेच करून दाखवते.

मुलांच्या वॉर्डात हाच आकडा वेगळं बोलतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास ठीक, पण नवजात बाळाचे 50 असले तरी घाबरायचं नाही. तेच वर्ष उलटलेल्या खोकणाऱ्या पोराचे 40 भरले, तर डॉक्टरांना न्यूमोनियाचा संशय येतो. तिथे औषधही वजनावर, त्यामुळे दशांशचिन्ह चुकलं की संपलं. गणिताचा कंटाळा असेल तर आत्ताच सांगून ठेवा.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, पोट शिवायच्या आधी मॉप (रक्त टिपायची कापडं), सुया, चिमटे दोघीजणी मोठ्याने मोजतात. एक मॉप कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, थांबतो. तिथे स्टुडंटलाही तोंड उघडायचा हक्क असतो, मुंबईत इतरत्र कुठे मिळतो कोण जाणे.

लेबर रूमबद्दल थोडक्यात: पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत कळा किती आल्या ते मोजणं, आणि बाळ बाहेर येताच आईच्या रक्तस्रावावर नजर. बाकीचं ती बघून शिकेल. पहिल्यांदा बहुतेकींना रडू येतं.

मानसोपचाराच्या पोस्टिंगला आम्हाला ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेलं होतं. तिथे मात्र माझं मोजणं उपयोगी पडेना. एका बाईंशेजारी तीन दिवस नुसती बसले. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "डबा खाल्लास का गं?" ते जसंच्या तसं वहीत लिहायचं असतं, आपण काय उत्तर दिलं तेही. मी "हो" म्हणून गप्प बसले होते. ट्यूटरनी त्या "हो"खाली लाल रेघ मारली, बोलणं तिथेच तुटलं होतं म्हणून.

कम्युनिटीत, म्हणजे वस्तीत घरोघरी जायच्या पोस्टिंगला, खाट, चार्ट काही नसतं. धारावीतल्या खोलीत शिडीने माळ्यावर चढायचं, वर्तमानपत्र पसरून त्यावर बॅग ठेवायची, आधी हात धुवायचे. टीबीच्या पेशंटला "गोळ्या घेता का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. म्हणून रिकामी पाकिटं मागून मोजायची, आणि उरलेल्या गोळ्या निघाल्या तर ओरडायचं नाही, का राहिल्या ते विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर कामाच्या पाळीत सापडतं.

जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार. सायन्स झालंय आणि बायॉलॉजी असेल तर बी.एस्सी.च बघा, पुढे शिकवायच्या नोकरीला तीच लागते.

आणि येताना तिला सेकंदकाट्याचं साधं घड्याळ घेऊन द्या. शोभेचं नको, काटा लांबून दिसेल असं.