रोज व्हिटॅमिन सीची गोळी घेतली तर सर्दी होणं थांबतं का?

नाही, पोटभर आणि मिश्र आहार घेणाऱ्या माणसाची सर्दी या गोळीने टळत नाही. फार तर ती थोडी लवकर आटोपते. वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2013 सालच्या आढाव्यात 11 हजारांहून अधिक लोकांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले. रोज किमान 200 मिलिग्रॅम घेणाऱ्या प्रौढांच्या आजारपणाचा काळ सरासरी 8 टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस! सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या घेणाऱ्यांना तर ठोस फायदा दिसलाच नाही.

मग हे जीवनसत्त्व बिनकामाचं आहे का? मुळीच नाही. आपल्या पांढऱ्या पेशी ते रक्तद्रवापेक्षा कित्येक पटींनी जास्त साठवून ठेवतात आणि जंतूंशी लढताना खर्च करतात. पण साठा भरला की वरचं लघवीवाटे निघून जातं, आणि प्रौढांची रोजची गरज 100 मिलिग्रॅमच्या आतच असते. एक पेरू किंवा दोन संत्री खाल्ली तरी ती भागते. शिवाय प्रतिकारशक्ती एकट्या 'सी'वर चालत नाही. जंतूंना अडवणाऱ्या अँटिबॉडी मुळात प्रथिनंच असतात, आणि जस्त कमी पडलं तर टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घटतात. त्यामुळे डाळी, अंडी, दाणे ताटात आहेत का, ते आधी बघा.

गोळीने सर्दी टळत नाही, याला अपवाद एकच: मॅरेथॉन धावपटूंसारखे अतिश्रम करणारे. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. मूतखड्याचा त्रास असेल तर मात्र मोठे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.