झिप किंवा रार फाइल न सोडवता आत काय आहे ते पाहता येतं का? राइट क्लिकमधला कोणता पर्याय बरोबर?

येतं. विंडोजवर सेव्हन-झिप (अशा फाइली सोडवणारा प्रोग्राम) असेल तर राइट क्लिकमधल्या त्याच्या मेनूत पहिलाच पर्याय ‘ओपन आर्काइव्ह’ असतो. त्याने नुसती यादी उघडते, डिस्कवर काहीही सांडत नाही. विंडोज ११ वर सेव्हन-झिपचा मेनू दिसला नाही तर ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये बघा, किंवा शिफ्ट दाबून राइट क्लिक करा.

झिपची यादी चटकन दिसते, कारण आतल्या सगळ्या फाइलींची सूची झिपच्या शेवटी लिहिलेली असते. प्रोग्राम तेवढीच वाचतो. टार.जीझेड या दुसऱ्या प्रकारच्या बांधलेल्या फाइलीला अशी सूची नसते. तिथे आधी जीझेडचं कवच उघडतं, आत एकटी टार दिसते, तिच्यावर पुन्हा डबल क्लिक करावं लागतं. मोठी असेल तर वेळ लागतो. ती बिघडलेली नसते.

आता मुख्य गोष्ट. ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’ डोळे मिटून दाबू नका. झिप बनवणाऱ्याने सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलेलं नसेल, तर फाइली तुम्ही उभे आहात तिथेच पसरतात. मी एकदा डेस्कटॉपवर फॉन्टची झिप अशी सोडवली आणि दोनशेच्या वर फाइली माझ्या कामाच्या कागदांत मिसळल्या. वेळेप्रमाणे क्रम लावून वेचायला गेलो तर जमेना, कारण सोडवलेल्या फाइलींवर मूळच्या जुन्याच तारखा होत्या. तेव्हापासून मी ‘एक्स्ट्रॅक्ट टू’ आणि पुढे फाइलचं नाव असलेला पर्यायच घेतो. तो त्या नावाचा वेगळा फोल्डर करतो. नको वाटलं तर अख्खा फोल्डर उडवता येतो.

सेव्हन-झिप नको असेल तरी अडत नाही. झिपसाठी विंडोजचं स्वतःचं ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ पुरतं, आणि विंडोज ११ मध्ये २०२३ च्या अपडेटनंतर रार, सेव्हन-झेड (सेव्हन-झिपचा स्वतःचा फाइल प्रकार) आणि टारही उघडतात.

फक्त एक खोड सांभाळा. एक्सप्लोररमध्ये झिप साध्या फोल्डरसारखीच दिसते, म्हणून लोक आतला वर्डचा कागद तिथूनच उघडून त्यात लिहीत बसतात. उघडते ती टेम्प फोल्डरमधली तात्पुरती प्रत, त्यामुळे केलेले बदल झिपमध्ये परत जात नाहीत. आधी बाहेर काढा, मग लिहा.

आणि फाइलचे पार्ट१, पार्ट२ असे तुकडे असतील तर सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवून राइट क्लिक फक्त पहिल्यावर करा. बाकीचे प्रोग्राम स्वतः शोधून घेतो.