लेबलं पाठ करू नकोस

अरे, सिनेमाचे प्रकार ओळखायला शिकायचं तर भयपट, रहस्यपट अशी यादी घोकून काही होणार नाही. सिनेमा तुझ्यापासून काय लपवतो ते बघ. रहस्यपटात खुनी कोण हे तुला शेवटपर्यंत कळू देत नाहीत. थरारपटात उलट, दाराआड माणूस उभा आहे हे तुला ठाऊक असतं, नायिकेला नसतं. म्हणून आपला जीव वरखाली होतो. विनोदी तर सोपं, हसलास की कळलं.

आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचंच घे. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ मूकपट, पण गोष्ट घराघरात माहीत. पौराणिक चित्रपटात ‘पुढे काय’पेक्षा ‘कसं दाखवलंय’ यातच मजा.

मग तमाशापट बघ: फड (तमाशाची मंडळी), पाटील, सवाल-जवाब, हा ठरलेला साचा. तो कुठे मोडलाय, ते वहीत लिही. रविवारी चहाला ये, वही घेऊनच.