'मरून' म्हणजे पळपुटे नव्हेत

प्रश्न असा आहे: जमैकातल्या 'मरून' लोकांचं, म्हणजे गुलामीतून पळून रानाडोंगरांत स्वतंत्र राहिलेल्या आफ्रिकी लोकांचं आणि त्यांच्या वंशजांचं, नाव मरून रंगावरून पडलं का? आणि मराठीत त्यांना 'पळपुटे गुलाम' म्हणावं का?

रंगाचा संबंध नाही. रंगाचा 'मरून' फ्रेंच 'मारों'वरून, म्हणजे चेस्टनटच्या फळावरून आला. लोकांचा 'मरून' स्पॅनिश 'सिमारॉन'वरून. फ्रेंचांनी त्यातला 'सि' गाळला आणि दोन्ही शब्द एकसारखे झाले.

खरी मौज 'सिमारॉन'मध्ये आहे. स्पॅनिश शब्दांचे व्युत्पत्तिकार कोरोमिनास तो 'सिमा' म्हणजे शिखर या शब्दावरून काढतात, कारण पळालेले लोक डोंगरमाथ्यांवर राहत. कोशांमागून कोशांनी हेच उतरवून घेतलं. पण कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर हा शब्द मोकाट सुटून रानटी झालेल्या गुराडुकरांनाही लावत. डुकरांना शिखर कशाला हवं? क्यूबन अभ्यासक होसे हुआन आरोम यांनी तो तिथल्या मूळ रहिवाशांच्या ताइनो भाषेतल्या 'सिमारा'शी, म्हणजे बाणाशी जोडला. सिमारॉन म्हणजे सुटलेला बाण, धन्याच्या हाती परत न येणारा! हीच व्युत्पत्ती खरी वाटते, कारण इतिहास तिच्या बाजूने आहे. १५०३ मध्ये हिस्पॅनिओलाच्या गव्हर्नर ओव्हांदोने स्पेनला कळवलं होतं की इथे आणलेले आफ्रिकी गुलाम पळून ताइनोंना मिळतात, आणखी पाठवू नका. ज्यांनी आसरा दिला, नावही त्यांच्याच भाषेतलं.

आता 'पळपुटे'. मराठीत पळपुटा म्हणजे रणातून पाठ दाखवणारा भित्रा. जमैकातल्या मरूनांनी तर इंग्रजांना इतकं जेरीस आणलं की १७३९ मध्ये त्यांचा नेता कुजो याच्याशी तह करून स्वातंत्र्य आणि १,५०० एकर जमीन द्यावी लागली. (नव्याने पळून येणाऱ्यांना धरून परत द्यायचं, हे जाचक कलमही त्यातच होतं.) दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये सारामाका या मरून जमातीने डचांना १७६२ मध्ये तहाला भाग पाडलं. १९६०च्या दशकात अफोबाका धरणाने त्यांची गावं बुडवली. पुढे जमिनीसाठी ते आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २००७ मध्ये जिंकले.

'फरारी'ही नको. तो मळेवाल्याच्या वहीतला शब्द. रानातच जन्मलेली नातवंडं कुठून फरार झाली? सरळ 'मरून' लिहावं.

मॉरिशसच्या मराठी मंडळींना हा शब्द परका नाही. ल मोर्न डोंगर तिथल्या मरूनांचाच आसरा होता, आणि विनापरवाना टॅक्सीला तिथे आजही 'ताक्सी मारों' म्हणतात.